नव्या प्रणालीचे मौन : नेटवर्क-ड्रायव्हरच्या अभावाची मीमांसा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वसाधारण आधार संपविला, आणि विभागातील जुन्या संगणकांचे काय करावयाचे, हा प्रश्न अनेक ठिकाणी उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठराविक पिढीनंतरचा प्रोसेसर आवश्यक असतो. ज्या संगणकांत ही सोय नाही, त्यांवर डेबियनसारखी लिनक्स-कुळातील एखादी प्रणाली नव्याने बसविणे हा एक मार्ग उरतो. ज्यांत ती आहे, त्यांवरही जुनी डिस्क पुसून कोरी प्रणाली बसविण्याकडे कल असतो. दोन्ही प्रसंगी एक अनुभव वारंवार येतो. प्रणाली निर्विघ्नपणे बसते, पडदा उजळतो, कळफलक व माउस आज्ञा पाळतात. मात्र नेटवर्कचा कोठेही पत्ता नसतो. केबल जोडली तरी उपयोग नाही, आणि वायफायची यादी तर उघडतच नाही. अशा वेळी ‘कार्ड जळाले’ असा निष्कर्ष काढला जातो आणि यंत्र भंगाराच्या यादीत जाते. भाषाविज्ञानाच्या विभागात याची किंमत किती, हे सहज ध्यानात येईल. ध्वनिविश्लेषणासाठी वापरले जाणारे ‘प्रात’ किंवा ध्वनिमुद्रणावर टिपणे जोडण्याचे ‘ईलॅन’ ही साधने दहा वर्षे जुन्या संगणकावरही उत्तम चालतात. ज्या यंत्रावर एखाद्या विद्यार्थ्याचे प्रबंधापुरते सर्व काम सुखेनैव झाले असते, ते यंत्र केवळ चुकीच्या निदानामुळे बाद ठरते.

निदान चुकते याचे कारण असे की, दिसणारे लक्षण एकच असले तरी त्यामागील अवस्था भिन्न असतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या तर उपाय बहुधा तासाभराचा असतो. न ओळखता केलेले प्रयत्न मात्र दिवसच्या दिवस खातात.

प्रथम ‘ड्रायव्हर’ या शब्दाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठीत हा शब्द मोटारीबरोबर आला आणि रूढ झाला. संगणकाच्या परिभाषेत त्याला ‘चालक’ असा प्रतिशब्द देण्यात येतो. पण या शब्दाने मनात उभे राहणारे चित्र दिशाभूल करणारे आहे. यंत्र चालविणारा, त्याला गती देणारा असा कोणी येथे नसतो. प्रणाली एका सर्वसामान्य भाषेत बोलते : ‘ही माहिती पाठव’, ‘आलेली माहिती दे’. उपकरणाला ही भाषा कळत नाही. त्याला ठराविक स्मृतिस्थानी ठराविक अंक ठराविक क्रमाने लिहिलेले हवे असतात. या दोहोंमध्ये उभा राहून एकाचे बोलणे दुसऱ्यास समजावून देणारा जो आज्ञासंच, त्याला ड्रायव्हर म्हणावयाचे. कार्याच्या दृष्टीने पाहता ‘दुभाषा’ हा शब्द त्याला अधिक शोभला असता. गोव्यातील पोर्तुगीज राजवटीत सरकारी दुभाष्याच्या पदाला ‘लिंगुआ दु इश्तादु’, म्हणजे ‘राज्याची जीभ’, असे नाव होते. जीभ नसली म्हणजे मनुष्य मेला असे होत नाही, तो मुका असतो एवढेच. ड्रायव्हर नसलेल्या कार्डाचीही तीच अवस्था होय.

आता, मग कळफलक व माउस कसे चालतात, अशी शंका येईल. त्यांनाही दुभाषा लागतोच. तथापि त्यांच्या बाबतीत निर्मात्यांनी पूर्वीच एक समान बोली मान्य केलेली आहे. यूएसबीच्या मानकांत मनुष्याच्या हाताने चालणाऱ्या साधनांचा एक स्वतंत्र वर्ग कल्पिलेला असून त्या वर्गातील प्रत्येक साधन त्याच बोलीत बोलते. त्यामुळे एका वर्ग-ड्रायव्हरवर शेकडो कंपन्यांचे कळफलक चालतात. डिस्कच्या बाबतीतही एएचसीआय आणि एनव्हीएमई या समान बोली आहेत. नेटवर्क-कार्डांच्या क्षेत्रात असे घडले नाही. नॉव्हेल कंपनीच्या एनई२००० या कार्डाची इतकी अनुकरणे एकेकाळी झाली, की त्या घराण्यापुरती एक समान बोली आपोआप निर्माण झाली होती; परंतु वेग वाढत गेला तशी प्रत्येक निर्मात्याने आपली रचना वेगळी केली. आज इंटेलचे कार्ड आणि रियलटेकचे कार्ड बाहेरून एकाच प्रकारची केबल स्वीकारतात, पण आतून परस्परांस सर्वथा अपरिचित अशा भाषा बोलतात. यास्तव नव्या प्रणालीत एखादे उपकरण मुके राहावयाचे झाले, तर ते नेमके नेटवर्क-कार्ड असण्याचा संभव मोठा.

आणि ते मुके राहिले की संकट दुप्पट होते. पडदा नीट दिसत नसेल तर त्याचा ड्रायव्हर नेटवर्कवरून आणता येतो. नेटवर्कचाच ड्रायव्हर नसेल तर तो आणावयाचा कोठून? ड्रायव्हर मिळण्यास नेटवर्क हवे आणि नेटवर्क मिळण्यास ड्रायव्हर हवा. आपल्या नैयायिकांनी ज्याला अन्योन्याश्रय म्हटले, तो दोष येथे मूर्तिमंत उभा आहे. त्यातून सुटका व्हावयाची तर या दोहोंवर अवलंबून नसलेले असे तिसरे काही शोधावे लागते. ते कोणते, हे पुढे येईलच. तत्पूर्वी ओळख पटविण्याचा प्रश्न सोडविला पाहिजे.

विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पाहिले असता अशा यंत्रावर ‘इतर उपकरणे’ या सदराखाली पिवळ्या त्रिकोणासह ‘इथरनेट कंट्रोलर’ किंवा ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे लिहिलेले आढळते, आणि गुणधर्मांच्या चौकटीत २८ हा संकेतांक दिसतो. त्याचा अर्थ, या उपकरणासाठी ड्रायव्हर बसविलेला नाही. हे दृश्य भाषाभ्यासकास चिंतनीय वाटावे असे आहे. कारण प्रणालीला हे उपकरण अजिबात ठाऊक नसते तर तिने त्याला ‘इथरनेट’ तरी का म्हणावे? उत्तर असे की, प्रत्येक पीसीआय उपकरण आपला वर्ग-संकेत स्वतःच सांगते. अपरिचित भाषेतील प्रत्यय पाहून ‘हे नाम आहे’ एवढे कळावे, पण अर्थ कळू नये, तशी ही स्थिती. कार्ड जिवंत असून प्रश्नास उत्तर देत आहे, याचा हा प्रत्यक्ष पुरावाच होय. जे कार्ड खरोखरच जळाले आहे, ते बहुधा या यादीत दिसतच नाही.

वर्गाबरोबर उपकरण आणखी दोन अंक सांगते : एक निर्मात्याचा, दुसरा त्या विशिष्ट उपकरणाचा. हे अंक षोडशमान पद्धतीचे असतात, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांनी लिहिलेले, प्रत्येकी चार स्थानांचे. निर्मात्यांचे अंक पीसीआय-एसआयजी ही संस्था वाटून देते. रियलटेकचा अंक १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, आणि इंटेलचा ८०८६. या शेवटच्या अंकात इंटेलने १९७८ मध्ये काढलेल्या आपल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नाव अमर करून ठेवले आहे. मानकसंस्थांच्या रुक्ष यादीतही अशी हौस पुरविता येते म्हणावयाची. विंडोजमध्ये हे अंक त्याच चौकटीतील ‘तपशील’ या पानावर ‘हार्डवेअर आयडी’ म्हणून मिळतात : ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे निर्मात्याचा, ‘डीईव्ही’पुढे उपकरणाचा. लिनक्समध्ये ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेस ‘-एनएन’ हा प्रत्यय जोडला की तेच अंक कंसात छापून येतात. यूएसबीला लावलेल्या साधनांसाठी ‘एलएसयूएसबी’ ही भगिनी-आज्ञा आहे.

या अंकांवर एवढा भर देण्याचे कारण असे की खोक्यावरील नाव हे उपकरणाचे खरे नाव नव्हे. टीपी-लिंक कंपनीच्या ‘टीएल-डब्ल्यूएन७२२एन’ या लहानशा यूएसबी वायफाय साधनाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. तिच्यासाठीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये उत्तम स्थितीत आहे, इतकेच नव्हे तर तिच्या अंतर्गत आज्ञासंचाचे मूळ लेखनही २०१३ मध्ये खुले करण्यात आले. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या, त्याच आकाराच्या वस्तूत रियलटेकची सर्वस्वी भिन्न चिप आली. पहिल्या आवृत्तीविषयीचा सल्ला वाचून दुसरी विकत घेणारा मनुष्य नावाने फसला. एकाच शब्दाखाली दोन भिन्न वस्तू नांदत असतील तर कोशकार त्यांना वेगळे क्रमांक देतो. बाजार मात्र ही काळजी घेत नाही.

अंक हाती आले की अवस्थांचा भेद करता येतो. पहिली अवस्था अशी की प्रणालीत त्या अंकासाठी दुभाषाच नाही. प्रत्येक ड्रायव्हर आपल्यापाशी, आपण कोणकोणत्या अंकांची भाषा जाणतो, याची एक सूची बाळगतो. प्रणाली उपकरणाचा अंक घेऊन या सूच्या चाळते आणि जुळणी होताच तो ड्रायव्हर पुढे करते. ही क्रिया कोश पाहण्यासारखीच आहे, आणि कोशाची मर्यादाही तिला लागू पडते. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत ‘दूरदर्शन’ हा शब्द आजच्या अर्थाने शोधणाऱ्यास तो मिळणार नाही; यात शब्दाचा दोष नाही, कोशाचाही नाही. रियलटेकच्या आरटीएल८१२५ या अडीच गिगाबिट वेगाच्या चिपची कथा अशीच आहे. तिचा अंक १०ईसी : ८१२५. लिनक्सच्या ‘आर८१६९’ या ड्रायव्हरला तिची ओळख कर्नलच्या ५.४ या आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २०१९ मध्ये झाली. डेबियन १० त्याच वर्षीच्या जुलैत प्रसिद्ध झाली होती आणि तिच्यातील कर्नल ४.१९ हा होता. अर्थात् ही चिप असलेल्या नव्या संगणकावर डेबियन १० बसविणाऱ्यास केबलचा दिवा लागलेला दिसे, पण नेटवर्क मिळत नसे. ऑगस्ट २०२१ मधील डेबियन ११ मध्ये कर्नल ५.१० आला आणि तेच यंत्र काही न करता बोलू लागले. अशा प्रसंगी सुटा ड्रायव्हर हुडकीत बसण्यापेक्षा प्रणालीचीच नवी आवृत्ती घेणे शहाणपणाचे.

दुसरी अवस्था अधिक फसवी आहे. ड्रायव्हर असतो, तो उपकरणास ओळखतोही, तरी उपकरण चालत नाही. कारण त्याचे फर्मवेअर उपलब्ध नसते. आजचे वायफाय कार्ड हा स्वतःच एक लहानसा संगणक असून वीज मिळताच त्याला आपला अंतर्गत आज्ञासंच बाहेरून भरवावा लागतो. हा संच एका फाइलच्या रूपाने प्रणालीजवळ असावा लागतो, आणि त्याचे हक्क निर्मात्याकडे असतात. डेबियनच्या कार्यकर्त्यांनी १९९७ मध्ये केलेल्या सामाजिक करारानुसार मुख्य प्रणालीत केवळ मुक्त आज्ञासंचांनाच स्थान आहे. या निष्ठेचा परिणाम असा झाला की डेबियन ११ पर्यंतच्या अधिकृत स्थापना-प्रतीत ही फर्मवेअर नसत, आणि अनेक लॅपटॉपांवर वायफाय स्थापनेच्या पहिल्या पायरीवरच अडे. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून हा नियम शिथिल केला. जून २०२३ मधील डेबियन १२ पासून अधिकृत प्रतीतच ती समाविष्ट आहेत. तत्त्वनिष्ठा सोडली असा आक्षेप यावर येऊ शकतो. तथापि ज्याला नेटवर्कच मिळत नाही त्याने मुक्त आज्ञासंच तरी कोठून उतरवून घ्यावेत, हा प्रश्न कमी महत्त्वाचा नव्हता. ही अवस्था ओळखण्याचे साधन म्हणजे कर्नलची नोंदवही. ‘डीमेसग’ या आज्ञेने ती वाचता येते, आणि कोणत्या नावाची फाइल मिळाली नाही हे तीत स्पष्ट लिहिलेले असते. त्या नावाची फाइल ‘लिब’ या निर्देशिकेतील ‘फर्मवेअर’ या कप्प्यात ठेवून यंत्र पुन्हा सुरू केले की काम होते.

तिसऱ्या अवस्थेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. ड्रायव्हर व फर्मवेअर दोन्ही असतात, पण लॅपटॉपवरील एखाद्या कळीने किंवा विमान-प्रवासाच्या स्थितीने वायफाय बंद केलेले असते. लिनक्समध्ये ‘आरएफकिल’ ही आज्ञा ते सांगते. हे सर्वांत आधी पाहावे, एवढेच.

पहिल्या दोन अवस्थांचे नाते ब्रॉडकॉमच्या जुन्या वायफाय चिपांच्या इतिहासात चांगले उमटले आहे. या कंपनीने बरीच वर्षे लिनक्ससाठी तपशील दिला नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी उपलब्ध ड्रायव्हर चिपशी काय बोलतो हे टिपले. यात दोन गट मुद्दाम वेगळे ठेवले होते : एकाने निरीक्षणावरून त्या भाषेचे वर्णन लिहावयाचे, दुसऱ्याने मूळ ड्रायव्हर न पाहता, केवळ त्या वर्णनाच्या आधारे नवा ड्रायव्हर रचावयाचा. हक्कभंगाचा आरोप येऊ नये म्हणून केलेली ही योजना होती. पण क्षेत्रकार्य करणाऱ्यास तीत ओळखीची रीत दिसेल. दुभाषा नसलेल्या भाषेचे व्याकरण निवेदकाच्या बोलण्यावरूनच उभारावे लागते, आणि त्या व्याकरणाची परीक्षा ते वाचून तिसऱ्यास बोलता येते की नाही, यात असते. या परिश्रमाचे फळ २००६ मध्ये लिनक्सच्या २.६.१७ या कर्नलमध्ये समाविष्ट झाले. भाषा अशी हस्तगत झाली, तरी फर्मवेअर मात्र मूळ कंपनीच्या ड्रायव्हरमधून कापून काढावे लागे. त्यासाठी ‘एफडब्ल्यूकटर’ नावाचे स्वतंत्र साधनच तयार झाले. पहिला अभाव दूर झाला, दुसरा राहिला.

आता अन्योन्याश्रयातून सुटण्याचा तिसरा मार्ग. तो बहुतेकांच्या खिशातच असतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने संगणकास जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले की फोन स्वतःला एका नेटवर्क-साधनाच्या रूपात सादर करतो, आणि हे साधन वर सांगितलेल्या समान बोलींपैकी एक बोलते. आरएनडीआयएस ही मायक्रोसॉफ्टने ठरविलेली बोली त्यांत विशेष प्रचलित आहे. तिचा दुभाषा विंडोज व लिनक्स दोन्हींत आधीपासून असतो. म्हणून जे कार्ड यंत्रात कायमचे बसविलेले आहे ते मुके असताना बाहेरून आलेला फोन बोलू लागतो. फोन स्वतः वायफायवर असेल तर बहुधा तेच पुढे पोहोचते व मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. आयफोनची गोष्ट निराळी. त्यास विंडोजवर ॲपलचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो, म्हणजे कोऱ्या यंत्रावर पुन्हा तेच चक्र.

विंडोज ११ च्या बाबतीत हा उपाय विशेष मोलाचा आहे, कारण तिच्या ‘होम’ आवृत्तीची आरंभीची मांडणी इंटरनेटवाचून पुढे सरकू देत नाही. २०२२ पासून व्यक्तिगत वापरासाठी मांडलेल्या ‘प्रो’ आवृत्तीलाही हीच अट आहे. तेथे ड्रायव्हरचा अभाव म्हणजे केवळ गैरसोय नसून दारातच अडवणूक होय.

फोन हाताशी नसेल तर दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर आणावा लागतो. येथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. विंडोजसाठी यंत्राच्या वा कार्डाच्या निर्मात्याचे अधिकृत संकेतस्थळ किंवा ‘मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉग’ यांवाचून अन्यत्र जाऊ नये. कॅटलॉगमध्ये हार्डवेअर आयडी टाकूनच शोध घेता येतो. सर्व ड्रायव्हर एकाच गठ्ठ्यात देऊ करणाऱ्या अनोळखी दुकानांत नको असलेल्या वस्तूही गळ्यात पडतात. उतरविलेला ड्रायव्हर योग्य आहे की नाही, हे बसविण्यापूर्वीच तपासता येते, आणि ही युक्ती फारशी कोणी करीत नाही याचे नवल वाटते. ड्रायव्हरबरोबर ‘आयएनएफ’ या प्रकारची जी फाइल येते ती साधी वाचनीय मजकुराची असते. ती उघडून आपल्या उपकरणाचा अंक तीत आहे का ते पाहावे. अंक नसेल तर तो ड्रायव्हर आपला नव्हे, खोक्यावरील नाव कितीही जुळो.

लिनक्सवर अडचण वेगळी येते. काही ड्रायव्हर, उदाहरणार्थ ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’, यंत्रावरच संकलित करावे लागतात. त्यांस चालू कर्नलच्या नेमक्या आवृत्तीचे हेडर, संकलक आणि ‘डीकेएमएस’ हवे असते, आणि त्या प्रत्येकाला आणखी काही. पेनड्राइव्हवर एकच पॅकेज घेऊन येणारा मनुष्य चार-पाच फेऱ्या घालतो, असा हा प्रकार. त्यात ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर स्वाक्षरी नसलेला असा ड्रायव्हर कर्नल स्वीकारीतच नाही, आणि संकलन यशस्वी होऊनही कार्ड गप्प राहते. अशा यंत्राशी झुंजण्यापेक्षा जुना ड्रायव्हर कर्नलमध्येच असलेले एखादे स्वस्त यूएसबी साधन लावणे पुष्कळदा श्रेयस्कर ठरते. मात्र ते घेताना आवृत्ती पाहून घ्यावी.

हे सर्व टाळण्याची संधी डिस्क पुसण्यापूर्वी असते. चालू विंडोजमध्ये ‘पीएनपीयुटिल’ या आज्ञेने, तिला ‘एक्स्पोर्ट-ड्रायव्हर’ हा पर्याय देऊन, बाहेरून बसविलेले सर्व ड्रायव्हर एका फोल्डरमध्ये काढून ठेवता येतात, आणि नव्या प्रणालीत त्याच आज्ञेच्या ‘ॲड-ड्रायव्हर’ या पर्यायाने परत बसविता येतात. फोल्डर अर्थातच बाहेरच्या पेनड्राइव्हवर असावा. विंडोजऐवजी लिनक्स बसवावयाचे असल्यास हे ड्रायव्हर उपयोगी नाहीत. तेव्हा कार्डाचे दोन्ही अंक कागदावर टिपून तो कागद यंत्राच्या पाठीवर चिकटवावा, आणि स्थापना-प्रत पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून, डिस्कला हात न लावता, नेटवर्क मिळते की नाही ते आधी पाहावे.